दोन्ही प्रती खराब

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज

हात ताटातच नाचला! ताईने ओवाळलं, मी साडीची पिशवी ताटात ठेवायला गेलो आणि पिशवीचं प्लास्टिक निरांजनाला चिकटलं. वास सुटला. भाचा शिवमने झटकन उचलली. साडी वाचली. सगळे हसले, मीही हसलो.

ताई हसली नाही. "गजू, हात काहून थरथरून राहिला तुहा?"

"अशक्तपणा."

खोटं. वर्ष झालं गोळ्या सुरू होऊन. बायकोला, आरतीला माहीत. मुलीला, आचलला माहीत. ताईला नाही. सांगितलं की ती रडणार, रडली की नवस बोलणार, आणि नवस फेडायला मलाच पाठवणार! अमरावतीत बसून ज्योत्स्नाताई अकोल्याचा कारभार करते, हे चाळीस वर्षं चालू आहे. मोठी बहीण आहे, चालायचंच.

जेवताना भाऊजींनी, म्हणजे उत्तमरावांनी, कॅलेंडर काढलं. आचल-शिवमचं साक्षगंध फेब्रुवारीत, लग्न अक्षय्य तृतीयेनंतर. नवीन काही नाही. आचल जन्मली त्या दिवशी ताई दवाखान्यात आली, बाळाला हातात घेतलं आणि म्हणाली, "ही माही सून." शिवम तेव्हा चार वर्षांचा होता, पेढे खात होता. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. बाबांनीसुद्धा सख्ख्या मामाचीच मुलगी केली. ती आमची आई.

आचल पुऱ्या वाढत होती. भांडं ठेवून आत गेली. लाजली असेल.

५ नोव्हेंबर

डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, रोज लिहा — गोळी कधी घेतली, हात कसा होता, पाय कसा होता. म्हणून ही वही. लिहायला बसलो की गोळीपुरतं लिहून होत नाही, तो भाग वेगळा.

आज मागची पानं चाळली. पहिल्या पानावर अक्षर हरभऱ्याएवढं. आता खसखस! आजाराचंच लक्षण म्हणे. ठीक आहे. आजपासून एक ओळ सोडून, मोठं मोठं लिहायचं. वही संपली तर दुसरी आणू.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जनुकांचा रिपोर्ट आला. महिन्यापूर्वी रक्त बाहेरगावी पाठवलं होतं. मॅडमनीच विचारलं होतं, "वय चव्वेचाळीस, इतक्या लवकर पार्किन्सन? आईवडील नात्यातले होते का?" मी ताठ मानेने सांगितलं होतं — मामाची मुलगी!

आज आचललाही सोबत नेलं. ती बी.एस्सी. झालेली, इंग्रजी तिला वाचता येतं. मॅडमनी कागदावर गोल काढून समजावलं. मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजलं ते असं:

पेशीत बारीक बारीक पॉवरहाऊस असतात. मायटोकॉन्ड्रिया. मी त्यांना मोटरीच म्हणतो, मला तेच जमतं. मोटर कधी तरी जळतेच. जळाली की एक प्रथिन तिच्यावर खूण करतं. मग पार्किन नावाचं दुसरं प्रथिन येऊन तिला चिठ्ठी डकवतं — भंगारात! मग पेशी तिला गिळते, सुटी करते, कामाचं सामान पुन्हा वापरते. माझ्यात पार्किनच तयार होत नाही. त्याच्या जनुकातला एक तुकडाच गायब आहे. एक प्रत आईकडून आलेली, एक बाबांकडून. दोन्ही खराब. मग जळालेल्या मोटरी आतच पडून राहतात, आणि मेंदूतल्या ज्या पेशी हातापायाला हुकूम देतात, त्या त्यांच्यापायी मरतात.

चोवीस वर्षं जुन्या शहरात मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो मी. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात. जळालेलं तांबं खाचेतून पूर्ण ओढून काढल्याशिवाय नवी तार भरू नका, हे मी किती पोरांना शिकवलं! आणि माझ्याच आत काढणारा गैरहजर! हसू आलं. मॅडमना वाटलं रडतो आहे. पाणी दिलं.

"आईबाबा तर ठणठणीत होते," मी म्हणालो.

"त्यांच्यात एक-एक प्रत चांगली होती, गजेंद्रभाऊ. एकीवर भागतं. दोघंही एकाच आजोबांची नातवंडं, म्हणून तोच खराब तुकडा दोघांकडे आला. आणि तुम्हाला नेमक्या दोन्हींकडून खराब मिळाल्या."

मग आचलने विचारलं, "मग माझं?" मॅडम म्हणाल्या, "तुझ्यात एक खराब नक्की आहे. तुला काही होणार नाही. पण लग्न नात्यात करणार असशील, तर त्या मुलाचं रक्त आधी तपासा. त्याच्यातही एक असेल तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. नसेल तर काळजी नाही."

रिक्षात आचलने तीनदा विचारलं. "म्हणजे शिवमच्या रक्तात निघालं तं लग्न नाही होणार?" नाही होणार, मी म्हणालो. बिचारी घाबरली.

१३ नोव्हेंबर

गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. काल वरण-भातानंतर घेतली — उपयोग शून्य. दुपारभर शर्टाच्या एका बटणाशी भांडलो. जिंकलो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. शाई लावणाऱ्या बाईंनी बोट धरलं, सुटलं, परत धरलं. मागे रांग. एक जण म्हणाला, "काका, लवकर." मी बाईंना म्हटलं, "लावा आरामात. बोट हलते, मत नाही हलत." रांग हसली. बाईंनी अर्ध्या हाताला शाई लावली!

आरती म्हणते ताईला सांगा. आचल म्हणते लवकर सांगा. मलाच वेळ लागतो आहे. ताईसमोर मी अजून आठवीत नापास झालेला गजूच आहे.

१ डिसेंबर, रविवार. अमरावतीहून परत आल्यावर

सांगितलं. आजारही, रिपोर्टही, रक्ताचंही. एका दमात.

ताई आधी रडली. मी तयारच होतो. पण शिवमच्या रक्ताचं नाव काढलं आणि रडणं तिथल्या तिथे बंद!

"बिमारी तुह्या अंगात, अन् सुई माह्या पोराले?"

"ताई, एक थेंब रक्त आहे."

"थेंब कायचा! माय-बाप दोघंही ऐंशीच्या वर जाऊन मेले. चालते-बोलते मेले. अन् तू त्यायचं रक्त नासकं म्हणून राहिला? त्यायच्या फोटोसमोर बसून?"

फोटो खरंच समोर होता. हार घातलेला. मी फोटोकडे पाहून म्हणालो, मी कोणाला नासकं म्हणत नाही. जे आलं ते आलं. पण पुढच्या पोराला माहीत असून द्यायचं? ते मी नाही करणार. तपासल्याशिवाय साक्षगंध नाही.

भाऊजी पेपर वाचत होते. पेपरच्या आडून बोलले, "गजेंद्र, उद्या बोभाटा झाला तं आमच्या शिवमले पोरगी कोण देईन? अन् तुह्या आचलले?"

"म्हणजे लपवायचं?"

"लपवायचं कोण म्हणते. सांगायचं नाही, एवढंच."

उठलो. चपलेत पाय जाईना. डाव्या पायाची बोटं आत वळली होती, गोळीची वेळ टळली होती. ताई पाहत होती. एरवी खाली बसून चप्पल घातली असती तिने. आज उभीच राहिली. मी अनवाणी फाटकापर्यंत गेलो, चप्पल हातात. तिथे पायरीवर बसून घातली. पाच मिनिटं लागली. लागू देत!

शिवम घरी नव्हता. त्याला ते काय सांगतील, देव जाणे.

२ डिसेंबर

ताईचा फोन नाही. मीही केला नाही.

६ डिसेंबर

आज फार वाईट गेला दिवस. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

सकाळी पाय घासत दुकानाकडे निघालो. कोपऱ्यावरच्या माणिकबाई भाजी निवडत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने, "सकाळी सकाळीच लावून राहिला व गजूभाऊ. पोरीचं लग्न तोंडावर, अन् पाहा बरं!"

मी! ज्याने शिमग्यालासुद्धा कधी थेंब घेतला नाही!

परत फिरलो नाही, दुकान उघडलं. दिवसभर मनात तेच. मग आठवलं — लहानपणी आमच्या गावात नत्थुजी होते, बाबांच्या दुसऱ्या मामाकडचे मामेभाऊ. असेच पाय घासायचे. पोरं मागे लागायची, बेवडा बेवडा म्हणून. मीही लागायचो. मीही! नत्थुजी दारू पीत होते का, हे आज कोणाला विचारू? विचारायला कोणी उरलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

पेंटरकडून पाटी करून आणली. पांढऱ्यावर लाल. शटरच्या वर ठोकली:

दुकानदार दारू पीत नाही. त्याला पार्किन्सन आहे. मोटर नीट भरून मिळेल.

आरतीने कपाळाला हात लावला. "अहो, लोक हसतील!" हसतीलच की. आतापर्यंत पाठीमागे बोलत होते, आता पुढून वाचतील. आचलनेच शिडी धरली होती.

पहिलं गिऱ्हाईक धर्मपाल, बार्शीटाकळीकडचा. पाच एचपीची मोटर घेऊन आला. पाटी दोनदा वाचली, मग माझा हात पाहिला. म्हणाला, "हात हलते तं हलू दे ना भाऊ. वेढे मोजता येते का नाही?"

"येते."

"मंग झालं. गहू वायून राहिला माहा, परवा पाहिजे."

त्याला चहा पाजला. दोन कप.

९ डिसेंबर

पाटीचा फोटो अमरावतीला पोचला! कोण्या उपद्व्यापी माणसाने व्हॉट्सॲपवर फिरवला. ताईचा फोन. आठ दिवसांनी पहिला.

"लाज सोडली का रे तू? आमच्या नातेवाइकायच्या ग्रुपवर आला फोटो! भिंतीवर लिवते का कोणी बिमारी?"

"दारू लिहिली असती तं चाललं असतं?"

फोन ठेवला तिने. अर्ध्या तासाने पुन्हा केला. "गोळ्या येळेवर घेतं ना?" आणि पुन्हा ठेवला. बहीणच ती!

१५ डिसेंबर, रविवार

धर्मपालच्या मोटरीने दम काढला. परवाची गोष्ट आठवडाभर लांबली. उघडून पाहिलं तर पाणी आत शिरलेलं, तांबं खाचांत काळं होऊन घट्ट बसलेलं. छिन्नीने एका बाजूची टोकं कापली, दुसऱ्या बाजूने ओढायला लागलो. येईना. आचल म्हणाली, "सरका पप्पा." पाय रोवून ओढलं तिने, निघालं.

नवी तार तिनेच भरली. मी बाजूला बसून वेढे मोजत होतो. एका कॉइलला अठ्ठेचाळीस. माझा हात रिकामा असला की नाचतो, कामाला लावला की थांबतो, पण मंद चालतो. एक कॉइल मी भरेपर्यंत तिच्या चार होतात. हेवा वाटला. थोडा अभिमानही. तिला इथे बसायला आवडतं. वार्निशच्या वासाने एरवी मुली पळतात.

म्हटलं, लग्नानंतर अमरावतीत काय करशील? तिथे दुकान नाही. वेढे चुकले तिचे, उकलून पुन्हा भरले.

२१ डिसेंबर

आचल रोज विचारते, "आत्याचा काही फोन? शिवम तपासणार का?" जीव टांगणीला लागला आहे पोरीचा. ताईचा राग येतो. एका थेंबासाठी माझ्या मुलीला असं झुलवत ठेवलं.

२८ डिसेंबर, शनिवार

शिवम आला! एकटा. अमरावतीच्या बसने, घरी न सांगता. दुकानासमोर उभा राहून आधी पाटीचा फोटो काढला, मग माझ्या पाया पडला.

"मामा, आईने मले अर्धंच सांगतलं होतं. म्हणे मामाले अशक्तपणा आहे. पूर्ण मी फोटोत वाचलं."

मग पेशी, पार्किन, सगळं त्याला सांगितलं. नीट ऐकलं. विद्युत मंडळात आहे, त्याला मोटरीची भाषा कळते. म्हणाला, "म्हणजे फॉल्ट माह्यात असला तरी मले कळणार नाही? चालू लाइनमध्ये कळतच नाही?" बरोबर पकडलं!

"चला मामा, देऊन टाकू रक्त."

आचलला हाक मारली, चल, सोबत चहा घेऊन या दोघं. ती आतून म्हणाली, "कॉइल अर्धी आहे पप्पा." काम टाकून उठत नाही, माझ्यावर गेली आहे. मीच गेलो. चहा झाला, मग लॅब. त्याच्या दंडातून रक्त काढताना माझा हात थरथरत होता, त्याचा नाही.

बसमध्ये बसवताना म्हणाला, "काही निघालं तं?"

"तं लग्न नाही. पण तू माहा भाचाच राहशील."

चांगला मुलगा आहे. देवा, याचा रिपोर्ट चांगला येऊ दे. ताईला मागाहून कळलं तर कळू दे, मी भोगायला तयार आहे.

१४ जानेवारी २०२५. संक्रांत

ताईने तिळगूळ पाठवला नाही. शिवमने घरी सांगितलं म्हणे. भाऊजी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आचल: "रिपोर्ट आला का?" आज दोनदा.

२१ जानेवारी, मंगळवार

आला!! शिवमच्या दोन्ही प्रती चांगल्या! मॅडमनी फोनवर सांगितलं, मग रिपोर्ट मोबाइलवर पाठवला. म्हणाल्या, "आचलच्या मुलांना हा आजार होणार नाही, निर्धास्त राहा." माझा आहे तो आहेच. पण या प्रकारात हळू वाढतो म्हणाल्या, अजून खूप वर्षं हातात आहेत.

ताईला मीच फोन केला. आधी हुंदका. मग लगेच, "म्हटलं नव्हतं मी? माह्या पोरात खोट कशी निघीन!" म्हणू दे. जिंकली ती, जिंकू दे! साक्षगंध ठरल्या तारखेला. भाऊजींनी मागून ओरडून विचारलं, ती पाटी तेवढी काढशील का रे? नाही काढणार, म्हटलं. वऱ्हाडी आले की दाखवतो!

आरतीने शिरा केला. आचल रडली. खूप रडली, आतल्या खोलीत जाऊन. आरती दाराशी उभी राहिली. मी म्हटलं रडू दे, अडीच महिने दाबून ठेवलं होतं पोरीने.

आज एकही गोळी चुकली नाही. अक्षर बघ कसं टपोरं आलं!

२२ जानेवारी

सकाळी दुकानात आचलचे डोळे पाहिले. आनंदाने रडणाऱ्याचे डोळे दुसऱ्या दिवशीपर्यंत सुजलेले राहत नाहीत.

विचारलं — "तुले शिवम पाहिजे का?"

तार खाली ठेवली तिने. "पप्पा, रिपोर्ट खराब येईन म्हणून मी रोज वाट पाहून राहिली होती."

"मंग बोलली काहून नाही?"

"विचारलं कोणं? तुमी सगळ्याच्या रक्ताले विचारलं."

लाज वाटली. इतकी कधी वाटली नव्हती, पाय घासत चाललो तेव्हाही नाही. मग तीच म्हणाली, "आत्याले सांगून द्या, तुमची तब्येत बिघडली म्हणून. नाही तं रिपोर्ट चुकला म्हणा. कोणाले वाईट नाही वाटणार."

नाही! रिपोर्ट चांगला आहे. माझी तब्येत काल होती तशीच आज आहे. मुलीला हे लग्न नको, एवढंच सांगायचं, ताईच्या तोंडावर, आणि शिवमच्याही. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला फोनवर कसं सांगू?

सव्वादहाच्या बसने अमरावतीला निघतो. आचलने शटर ओढलं. म्हणाली, "मी बी येते. मीच सांगते."